चंद्रावरून पृथ्वी: सोलापूरच्या गच्चीवरून मांडता येणारा हिशोब

चंद्रावर उभा असलेला अंतराळवीर आणि त्याच्या मागे अर्धं आकाश व्यापून बसलेली भलीमोठी निळी पृथ्वी, हे चित्र दर पौर्णिमेला व्हॉट्सअॅपवर फिरतं. पृथ्वी तिथून एवढी मोठी दिसत नाही, आणि क्षितिजावर अशी टेकलेलीही बहुतेक ठिकाणांहून दिसत नाही. ती नेमकी कशी दिसते हे समजून घ्यायला मोठ्या उपकरणांची गरज नाही. सोलापुरातली एखादी मोकळी गच्ची, एक नाणं, मोजपट्टी आणि घरातलं पंचांग एवढ्यावर जवळजवळ सगळं काढता येतं. कारण नातं सरळ आहे: आपण चंद्राकडे ज्या रेषेतून बघतो, त्याच रेषेतून चंद्रावरचा माणूस आपल्याकडे बघतो.

आधी आकार. पृथ्वीचा व्यास 12,742 किमी, चंद्राचा 3,474 किमी, आणि दोघांमधलं सरासरी अंतर 3,84,400 किमी. त्यावरून पृथ्वीचं बिंब चंद्रावरून सुमारे 1.9 अंशांचं दिसतं, तर आपल्याला चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. हे डोळ्यांनी पडताळायचं तर कुठलंही नाणं घ्या, त्याचा व्यास मोजा आणि त्याच्या तीसपट अंतरावर ते धरा. 23 मिमीचं नाणं असेल तर डोळ्यापासून साधारण 69 सेंमी. चंद्रावरून पृथ्वी एवढी दिसते. तेच नाणं 110 पट अंतरावर, म्हणजे अडीच मीटरवर भिंतीला चिकटवलं की आपल्याला दिसणारा चंद्र झाला. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी दोन अंशांच्या आसपास भरते, म्हणून चंद्राभोवती फिरून आलेल्या अपोलो 8 चे अंतराळवीर जिम लॉव्हेल सांगत की अख्खी पृथ्वी अंगठ्याआड झाकता येते. व्यास पावणेचारपटीच्या जवळ असल्याने क्षेत्रफळ साडेतेरापट होतं. शिवाय ढगांमुळे पृथ्वी चंद्राच्या काळपट मातीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परतवते. त्यामुळे पूर्ण उजळलेली पृथ्वी आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चाळीसपट उजेड देते. चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीत त्या उजेडात छापील मजकूर आरामात वाचता येईल.

आता भारताचं बघू. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपला देश सुमारे 3,200 किमी लांब आहे. चंद्राच्या अंतरावरून हे भरतं 0.48 अंश. म्हणजे सोलापुरातून आपल्याला पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो, जवळपास तेवढाच भारत चंद्रावरून दिसतो. मात्र त्यासाठी भारत बिंबाच्या मध्याजवळ असायला हवा. कडेला गेला की आकार दबतो. आपण चंद्रावरचे काळे डाग नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, त्याच बेताने तिथल्या माणसाला द्वीपकल्पाचं टोक, अरबी समुद्राचा निळा आणि दख्खनचा तांबूस-तपकिरी यांतली सीमा आणि श्रीलंका ओळखता येईल. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी 800 किमी धरली तर ती सात कला होते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चंद्राच्या उजव्या कडेजवळचा तो सुटा, गोल काळा डाग, मेअर क्रिसियम, साधारण पाच कलांचा आहे. पण कोकण किनारा सोडला तर महाराष्ट्राची कुठलीच सीमा वरून रेखलेली नाही.

सोलापूर शहर दिसेल का? नुसत्या डोळ्यांनी नाही. चांगल्या नजरेची मर्यादा एक कला, म्हणजे या अंतरावर 110 किमीच्या आसपास. सोलापूर आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत 235 किमीच्या आसपास अंतर आहे, तेव्हा ही दोन ठिकाणं जेमतेम वेगळी काढता येतील. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर मात्र एकाच ठिपक्यात जातात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते ही गोष्ट यामुळेच खोटी ठरते: लांबी कितीही असली तरी काही मीटर रुंदीची आणि मातीच्याच रंगाची रेष इतक्या लांबून उठून दिसू शकत नाही. चंद्रावर सहा इंची दुर्बीण लावली तर गोष्ट बदलते. तिची मर्यादा पाऊण विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जवळ, म्हणजे 1.4 किमी. उजनीचा जलाशय त्यात भीमेच्या खोऱ्यातली गडद वळणदार पट्टी म्हणून दिसेल, शहर एक करडा डाग असेल आणि सिद्धेश्वर तलाव दिसणार नाही. इथल्या गच्चीवर सहा इंची दुर्बिणीला ही मर्यादा क्वचितच गाठता येते, कारण हवेच्या थरथरीत प्रतिमा हलत राहते. चंद्रावर दुर्बिणीजवळ हवाच नाही. पृथ्वीची हवा पृथ्वीलाच चिकटून असते, आणि बघितल्या जाणाऱ्या वस्तूला लगटून असलेली हवा प्रतिमा फारशी हलवत नाही.

बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो तो पृथ्वीच्या जागेबद्दल. चंद्र आपली एकच बाजू कायम पृथ्वीकडे ठेवतो, म्हणून चंद्रावर एका जागी उभं राहिलं तर पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. ती आकाशात एकाच भागात टांगलेली राहते आणि तिच्यामागून सूर्य नि तारे सरकत जातात. कुठे टांगलेली, हे तुमच्या जागेवर ठरतं. चंद्राच्या दृश्य बाजूच्या बरोबर मध्यावर ती थेट डोक्यावर असते, आणि मध्यापासून तुम्ही जितके अंश दूर जाल तितके अंश ती डोक्यावरून खाली उतरते. अपोलो 11 मध्यापासून साडेतेवीस अंश पूर्वेला उतरलं, म्हणून नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना पृथ्वी पश्चिमेकडे झुकलेली, क्षितिजापासून सुमारे 66 अंश उंच होती. अपोलो 14 आणि 16 च्या जागी ती 72 अंशांवर होती, अपोलो 17 च्या टॉरस-लिट्रो दरीत 54 अंशांवर.

चंद्रावर उभं राहून काढलेल्या फोटोंत पृथ्वी इतकी कमी का सापडते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. कॅमेरा छातीवरच्या कंसात अडकवलेला असे आणि समोर रोखलेला असे. त्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची सोयही नव्हती. अंदाजाने वळायचं आणि बटण दाबायचं. हेल्मेट सूटच्या गळपट्टीला घट्ट बसवलेलं, मान वळवली तरी ते वळत नसे. सत्तर अंश वर बघायचं तर अख्खं शरीर मागे झुकवायचं, पाठीवर जीवरक्षक यंत्रणेचं ओझं घेऊन, सहज तोल जाईल अशा अवस्थेत. फोटो निघालाच तरी 60 मिमी नाभीय अंतराच्या भिंगातून 1.9 अंशांची पृथ्वी फिल्मवर फक्त 2 मिमीची उमटते, आणि चौकट असते 50 मिमीहून मोठी. अपोलो 17 मध्ये युजीन सर्नन यांनी हॅरिसन श्मिट, झेंडा आणि वर पृथ्वी असा फोटो काढला, तेव्हा कॅमेरा खाली धरून वर रोखावा लागला. पृथ्वी त्यात ठिपक्यापेक्षा थोडी मोठी आहे, आणि आकाराच्या बाबतीत हाच खरा फोटो. क्षितिजावर मोठी पृथ्वी दाखवणारे खरे फोटोही आहेत, पण ते चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांतून, लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेले. बिल अँडर्स यांनी 24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 मधून काढलेला ‘पृथ्वीउदय’ 250 मिमी भिंगाचा आहे. यान 110 किमी उंचीवरून दोन तासांत एक फेरी मारत होतं, म्हणून पृथ्वी मिनिटाला तीन अंशांच्या वेगाने वर आली. अख्खं बिंब क्षितिजावर यायला चाळीसेक सेकंद पुरले.

एक्स्पोजरचीही, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा याचीही, अडचण असते. पृथ्वीवर आणि चंद्राच्या जमिनीवर पडणारं ऊन एकच, पण चंद्राची माती सरासरी 12 टक्के प्रकाश परतवते आणि दाट ढग 60-70 टक्के. जमिनीसाठी कॅमेरा बसवला की ढग दोन स्टॉपहून जास्त, म्हणजे चौपटीहून अधिक प्रकाशाने, जळतात आणि पृथ्वी पांढरी फटक येते. पृथ्वीसाठी बसवला तर जमीन काळवंडते. ताऱ्यांचा प्रश्नच नाही. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तारे फिल्मवर येत नाहीत. चांद्रयात्रा खोट्या म्हणणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा, आणि पार्क चौकातल्या दिव्यांखाली मोबाईलने आकाशाचा फोटो काढून बघितलं की तो मिटतो.

तरीही काही वेळा अंतराळवीरांना पृथ्वी शोधावीच लागे. अपोलो 15 पासून चांद्रगाडीवर छत्रीसारखा अँटेना होता, आणि दर थांब्यावर एका छोट्या दर्शकातून बघत तो पृथ्वीवर नेमका रोखल्याशिवाय टीव्हीचं चित्र खाली जात नसे. एकीकडून बोललेलं दुसरीकडे पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागे, म्हणून प्रश्न-उत्तरात अडीच सेकंदांची पोकळी ऐकू येते.

आता पंचांग काढा. दाते पंचांग सोलापूरचंच, ते बहुतेक घरांत असतंच. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं बारा-बारा अंशांचं अंतर, आणि त्यावरून त्या दिवशी चंद्रावरून पृथ्वी किती उजळलेली दिसेल ते निघतं. नियम असा: चंद्र जितके टक्के उजळ, पृथ्वी शंभरातून तितके वजा. अमावास्येला चंद्रावरून पृथ्वी पूर्ण दिसते. शुक्ल तृतीया संपताना चंद्र साडेनऊ टक्के उजळ असतो, तेव्हा पृथ्वी साडेनव्वद. कोजागरीला आपण दूध आटवत असतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी काळी असते, सूर्याच्या अगदी जवळ, वातावरणाच्या बारीक उजळ कडेसकट. आर्मस्ट्राँग उतरले तेव्हा आपल्याकडे चंद्र अर्धा व्हायला दीडेक दिवस बाकी होता, म्हणून त्यांना पृथ्वी साधारण दोन तृतीयांश उजळलेली दिसली.

तृतीयेच्या संध्याकाळी कोरीच्या आत जो काळसर पूर्ण चंद्र दिसतो तो या पृथ्वीच्या चांदण्यानेच. त्यात अजून एक गंमत आहे. संध्याकाळी चंद्र आपल्या पश्चिमेला असतो, तेव्हा त्याच्यासमोर आफ्रिका, अटलांटिक आणि युरोपचा काही भाग उन्हात असतो. सहाराची वाळू आणि विषुववृत्तावरचे ढग तो उजेड पाठवतात. कृष्ण त्रयोदशीच्या पहाटे पूर्वेला तशीच कोर दिसते, तेव्हा उजेड पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागराचा असतो.

संकष्टीचं उदाहरण जरा सावकाश बघू, कारण त्या रात्री हजारो लोक चंद्रोदयाची वाट बघत असतात आणि वेळ पंचांगात मिनिटापर्यंत दिलेली असते. समजा साडेनऊला सोलापुरात चंद्र उगवला. त्या क्षणी चंद्रावरून, उत्तर वर धरून बघितलं तर, सोलापूर पृथ्वीच्या बिंबाच्या डाव्या कडेवर नुकतंच आलेलं असतं, अंधारात. बिंबाचा मध्य न्यू झीलंडच्या उत्तरेला प्रशांत महासागरात. उजळ भाग फक्त 10 ते 16 टक्के, उजव्या कडेला कोरीसारखा, आणि त्या कोरीत हवाई बेटांपासून मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंतचं सकाळचं पाणी. पुढे सोलापूर डावीकडून उजवीकडे सरकत जातं. चंद्र इथे आकाशात सर्वांत वर येतो तेव्हा सोलापूर बिंबाच्या मधल्या उभ्या रेषेवर असतं. सोलापूरचे अक्षांश 17.7 उत्तर आहेत, म्हणून ज्या दिवशी चंद्र बरोबर डोक्यावरून जातो त्या दिवशी शहर बिंबाच्या केंद्रात असतं. चंद्र मावळला की सोलापूर उजव्या कडेआड. चंद्र स्वतःही पुढे सरकत असल्याने तोच देश पुन्हा तिथेच यायला 24 तास 50 मिनिटं लागतात. भरती दिवसेंदिवस पन्नास मिनिटांनी उशिरा येते ती याच कारणाने.

रंगांबद्दल एक सांगायला हवं. नकाशा डोक्यात ठेवून बघणाऱ्याला पहिल्यांदा देश दिसणारच नाहीत, ढग दिसतील. कुठल्याही वेळी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो. त्याखाली समुद्राचा गडद निळा, सहारा, अरबस्तान आणि ऑस्ट्रेलियाचा पिवळसर-तांबूस. हिरवा जवळजवळ हरवतो, कारण जंगलं वरून गडद दिसतात आणि मधल्या हवेचा निळसरपणा त्यांच्यावर चढतो. आपल्या भागाचं रूप ऋतूनुसार बदलतं. एप्रिल-मे मध्ये दख्खन उघडा, तपकिरी. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर पांढऱ्याचा जाड थर, आणि सह्याद्री ओलांडला की तो तुटक होतो. त्या तुटक भागात सोलापूर येतं. पर्जन्यछाया शाळेत पाठ केलेली असते; तिथून ती नुसती बघायची.

‘ब्लू मार्बल’ म्हणून प्रसिद्ध असलेला पूर्ण पृथ्वीचा फोटो चंद्रावरून घेतलेला नाही. अपोलो 17 चंद्राकडे निघालं असताना, 7 डिसेंबर 1972 ला, सुमारे 29 हजार किमीवरून तो काढला गेला. आफ्रिका आणि अंटार्क्टिका त्यात स्पष्ट आहेत, आणि वर उजवीकडे कडेजवळ जो ढगांचा भोवरा दिसतो ते दोन दिवसांपूर्वी तमिळनाडूवर आदळलेलं चक्रीवादळ. आपल्याकडे तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चालू होता. तो फोटो घरात असेल तर तो कोपरा नीट बघा.

डोळ्यांना न दिसणारी पृथ्वीही चंद्रावरून टिपली गेली आहे. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 ने जॉर्ज कॅरुदर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा नेला होता. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या यानाच्या सावलीत ठेवून तो पृथ्वीवर रोखला गेला आणि फिल्म परत आणली गेली. त्यात पृथ्वीभोवतीचं हायड्रोजनचं विरळ, दूरवर पसरलेलं आवरण, ध्रुवांजवळचा ध्रुवप्रकाश आणि रात्रीच्या बाजूला उष्ण कटिबंधातले चमकते पट्टे उमटले. भारताच्या चांद्रयान-3 च्या प्रोपल्शन मॉड्यूलवरचं (लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावरचं) ‘शेप’ हे उपकरण चंद्राभोवती फिरताना याच जातीचं काम करत होतं: पृथ्वीच्या प्रकाशाचं अवरक्त भागात विश्लेषण करायचं, म्हणजे दूरच्या ताऱ्यांभोवतीचे राहण्याजोगे ग्रह कसे ओळखायचे हे कळतं.

चांद्रयान-3 चं विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 ला जिथे उतरलं तिथून पृथ्वी कशी दिसेल? जागा 69.4 अंश दक्षिण, 32.3 अंश पूर्व. मध्यापासून जवळपास 73 अंश दूर, म्हणून पृथ्वी क्षितिजापासून फक्त 17 अंशांवर, उत्तर आणि वायव्य यांच्या मधल्या दिशेला. आणि उलटी. दक्षिणेकडे उभं राहून उत्तरेकडे बघत असल्याने कन्याकुमारी वर, हिमालय खाली. ऑस्ट्रेलियातून आपला चंद्र उलटा दिसतो तसंच. तिथे पृथ्वी थोडी वर-खाली आणि डावी-उजवी डुलतेही, कारण चंद्राची कक्षा लंबगोल आणि अक्ष थोडा कललेला आहे. या डुलण्याला लिब्रेशन म्हणतात: पूर्व-पश्चिम सुमारे आठ अंश, उत्तर-दक्षिण पावणेसात. 17 अंश उंची असल्याने विक्रमच्या जागी पृथ्वी मावळत नाही. थेट ध्रुवावर मात्र साधारण दोन आठवडे ती क्षितिजाच्या वर आणि दोन आठवडे खाली असते. तिथला पृथ्वीउदय हा खरा उदय, पण एवढा सावकाश की बिंबाची वरची कड दिसल्यापासून खालची कड सुटेपर्यंत सव्वा दिवस जातो. तळ उभारणाऱ्यांना याचा सरळ त्रास आहे: पृथ्वी खाली गेली की रेडिओ संपर्क तुटतो आणि मधे उपग्रह लागतो. पलीकडच्या बाजूला तर पृथ्वी कधीच दिसत नाही, म्हणून जानेवारी 2019 मध्ये तिथे उतरण्याआधी चीनला च्वेछियाओ नावाचा दुवा-उपग्रह वर पाठवावा लागला.

हे सगळं संगणकावर बघायचं तर स्टेलॅरियम हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. एफ6 दाबून ठिकाणाची खिडकी उघडा, ग्रहाच्या यादीतून चंद्र निवडा, अक्षांश-रेखांश भरा, मग एफ3 ने पृथ्वी शोधा. काळ वेगाने पळवायला एल. दोन ठिकाणी गोंधळ होतो. अक्षांश-रेखांश शून्य-शून्य ठेवले की पृथ्वी थेट डोक्यावर येते आणि चित्र गरागरा फिरतं. त्याऐवजी विक्रमची जागा किंवा अपोलो 17 ची, 20.2 उत्तर आणि 30.8 पूर्व, भरा. पृथ्वी सापडत नसेल तर ती बहुधा जमिनीखाली आहे. जी दाबून जमीन काढा, म्हणजे आपण पलीकडच्या बाजूला उभे आहोत का ते कळतं. ढग मात्र त्या दिवसाचे खरे नसतात, त्यामुळे पडद्यावरची पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा जास्त नकाशासारखी वाटते.

एक तारीख लिहून ठेवा: 31 डिसेंबर 2028. त्या रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान सोलापुरातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल, चंद्र पूर्वेला चांगला वर आलेला असेल. त्याच वेळी चंद्रावरून सूर्यग्रहण लागलेलं असेल, पृथ्वीने लावलेलं. सूर्याच्या साडेतीनपट रुंद काळं बिंब सूर्याला पूर्ण झाकेल आणि त्याच्या भोवती लाल कडं उमटेल. हे कडं म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर चालू असलेले सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त: डाव्या कडेला मध्य आफ्रिकेतली संध्याकाळ, उजवीकडे प्रशांत महासागरातली पहाट. लाल, कारण हवेच्या लांब थरातून जाताना निळा प्रकाश विखरून जातो. सोलापूर मध्याच्या थोडं डावीकडे, अंधारात. त्याच कड्याचा उजेड चंद्राच्या जमिनीवर पडतो आणि इथून चंद्र तांबूस दिसतो. चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर 3 या अमेरिकी यानाने एप्रिल 1967 मध्ये असं ग्रहण चंद्रावरून पहिल्यांदा टिपलं.

चंद्र किती काळवंडतो यावरून पृथ्वीच्या हवेची अवस्था कळते. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी 1991 मध्ये फुटल्यावर 9 डिसेंबर 1992 च्या ग्रहणात चंद्र जवळपास दिसेनासा झाला होता, कारण वरच्या थरातल्या धुळीने आणि गंधकाच्या कणांनी कडंच मंद केलं होतं. यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दॉंजाँ यांची 0 ते 4 ही मोजपट्टी वापरतात: 0 म्हणजे जवळपास अदृश्य, 1 काळपट करडा, 2 गडद लाल, 3 विटकरी, 4 उजळ तांबडा-नारिंगी. 31 डिसेंबर 2028 चा ग्रहणमध्य रात्री 10 वाजून 22 मिनिटांच्या आसपास आहे. तेव्हा दुर्बिणीशिवाय, डोळे दहा मिनिटं अंधाराला सरावू देऊन आकडा ठरवा, आणि आकड्याशेजारी वेळ आणि आकाश किती स्वच्छ होतं तेही टिपा, कारण पातळ ढगातून बघितलेला चंद्र एका पायरीने काळा वाटतो.